वन बीएचकेत विमानाचं वर्कशॉप: आधी फळी, मग जागा

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, कारपेट ४१० चौरस फूट. घरात मी, पत्नी, आई आणि यंदा दहावीला गेलेली मुलगी. मला रेडिओ कंट्रोल विमानं बनवायचा नाद आहे. फोमची दोन झाली, म्हणून गेल्या पावसाळ्यात बाल्साच्या हलक्या लाकडाचं, १.२ मीटर पंखांचं इलेक्ट्रिक ट्रेनर (शिकाऊ विमान) करायला घेतलं. पंखाचे दोन्ही भाग जेवणाच्या टेबलावर फेविकॉलने जोडले आणि भिंतीला टेकवून ठेवले. गणपतीनंतर बघतो तर उजव्या भागाला पीळ पडलेला. घरात धुळीवरून आणि फेविक्विकच्या वासावरून रोज कुरबुर होते ती वेगळीच. बाल्कनी ८ बाय साडेतीन फूट आहे, ग्रिल आणि स्लायडिंग लावलेलं आहे. तिचंच वर्कशॉप करू का? की भांडुपला एक छोटा गाळा भाड्याने मिळतोय, तो घेऊ? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: गाळा घेऊ नका. विमान बनवायचं काम अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकतं. चार रिब (पंखाच्या फासळ्या) चिकटवल्या की ते सुकेपर्यंत हात बांधून बसायचं. रात्री जेवणं झाल्यावर पाऊण तास मिळतो तो घरातच मिळतो, रेल्वेने दोन स्टेशनं जाऊन मिळत नाही. शिवाय पत्र्याचा गाळा पावसात घरापेक्षा जास्त ओला असतो आणि मे महिन्यात तिथे पंखावर इस्त्रीने चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म सैल पडेल इतका तापतो.

सगळं वर्कशॉप बाल्कनीतही हलवू नका. कामाचे दोन भाग पाडा. ज्याला सपाटी आणि कोरडेपणा लागतो ते काम घरात, आणि ज्यातून धूळ, धूर किंवा आगीची भीती आहे ते बाल्कनीत. घरातल्या कामासाठी वेगळी खोली लागत नाही, वेगळं टेबलही लागत नाही. लागते ती एक सरळ, जड, उचलून ठेवता येणारी फळी. खरं वर्कशॉप तीच. टेबल घरच्यांचंच राहू दे.

तुमचा पंख कशामुळे पिळला ते आधी पाहू. जेवणाचं टेबल डोळ्याला सपाट दिसतं, पण लॅमिनेट लावलेला बोर्ड मध्यभागी थोडा खाली बसलेला असतो. पंचवीस मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप टेबलावर आडवा, उभा आणि दोन्ही कर्णांवर ठेवून पाहा, पलीकडून टॉर्च धरा. पाइपाखालून जिथे उजेड येईल तिथे खड्डा आहे. कर्णांवर फरक दिसला तर टेबलालाच पीळ आहे, आणि त्यावर जोडलेला पंख तोच पीळ घेऊन उठतो. पंखाची रुंदी २०० मिलिमीटर धरली आणि टोकाशी मागची कड ३ मिलिमीटर वरखाली झाली, तर पंखाचा हवेशी होणारा कोन तिथे जवळजवळ एक अंशाने बदलतो. विमान एका बाजूला झुकायला एवढं पुरतं. वेग कमी झाला की ज्या टोकाचा कोन जास्त, तेच टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावतं, आणि उतरताना विमान त्या बाजूला पडतं. दोन्ही टोकांना सारखा एक-दोन अंश कमी कोन मुद्दाम दिलेला असेल तर तो चांगलाच. एकाच बाजूचा पीळ मात्र काढलाच पाहिजे.

आता फळी. प्लायवुडच्या दुकानात ३० मिलिमीटर जाडीच्या फ्लश डोअरचा (सपाट लाकडी दाराचा) उरलेला तुकडा मागा. प्लाय किंवा एमडीएफ घेऊ नका: प्लाय हळूहळू वाकतं आणि एमडीएफ आपल्या हवेत कडेने फुगतं. तुमच्या पंखाचा एक भाग ६०० मिलिमीटरचा आहे, त्यामुळे साडेतीन फूट बाय दीड फूट तुकडा पुरेल. फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धडही त्यावर मावेल. पाइप आणि टॉर्च दुकानातच घेऊन जा आणि तिथेच तपासा. कापलेल्या कडांमधून आतलं लाकूड उघडं पडतं. ती कड आणि दोन्ही तोंडं सँडिंग सीलरचे दोन हात देऊन बंद करा. एकच बाजू सील केली तर उघडी बाजू ओलावा घेते आणि फळी वाकते.

वर नोटीस बोर्डाला वापरतात ती १२ मिलिमीटरची सॉफ्टबोर्ड चिकटवा, म्हणजे टाचण्या टोचता येतील. फेविकॉल एसआर दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग बसवा आणि रात्रभर पुस्तकांचं वजन ठेवा. सगळं मिळून नऊ-दहा किलो होईल. एवढं वजन हवंच, हलकी फळी हाताखाली सरकते.

फळीखाली रबराचे पाय चार लावू नका, तीनच लावा: दोन पुढच्या कडेला कोपऱ्यांजवळ, एक मागच्या कडेच्या मध्यावर. चार पायांची फळी ज्या टेबलावर ठेवाल त्याचा पीळ स्वतः घेते. तीन पायांवर ती कशीही ठेवली तरी आहे तशीच राहते. मागच्या कोपऱ्यांवर मात्र जोराने रेटा देऊ नका, फळी कलंडेल.

विमानाचा प्लॅन (खऱ्या मापाचा आराखडा) फळीवर लावा, त्यावर पारदर्शक पॉलिथीन ताणून बसवा. फेविकॉल पॉलिथीनला धरत नाही, त्यामुळे पंख प्लॅनला चिकटून बसणार नाही. टाचण्या स्पारमधून (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीतून) आरपार घालू नका, तिथूनच लाकूड चिरतं. स्पारच्या दोन्ही बाजूंना तिरक्या, एकमेकींना छेद देणाऱ्या टोचा. काम थांबवलं की अर्धवट पंख टाचण्यांसकट फळीवरच राहू द्या आणि फळी उचलून कपाटावर आडवी ठेवा. छातीच्या उंचीवर दोन दणकट ब्रॅकेट ठोकता आले तर त्याहून बरं, कारण दहा किलो डोक्यावर चढवताना पंखालाच धक्का लागतो. फ्रिजवर ठेवू नका, तिथली ऊब एकाच बाजूने लागते. आणि टाचण्या लवकर काढू नका. फेविकॉल वरून तासाभरात सुकल्यासारखा वाटतो, पण पावसाळ्यात सांध्यातलं पाणी जायला पूर्ण दिवस लागतो. तुमचा पंख भिंतीला टेकवून ठेवला होता, म्हणजे सांधे ओले असतानाच त्याला वाकवून ठेवल्यासारखं झालं.

ओलाव्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबईत बाल्साचं निम्मं नुकसान त्यानेच होतं. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता सहज ८५ टक्क्यांवर असते. अशा हवेत लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतं. ५० टक्के आर्द्रतेला तेच ९ टक्क्यांच्या आसपास असतं. बाल्साची दीड मिलिमीटरची शीट हा फरक काही तासांत घेते. ओल्या दिवशी वरची शीट लावली आणि एसी लावलेल्या रात्री खालची, तर दोन्ही वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि पंख त्यांच्यामध्ये पिळला जातो. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि फळीजवळ ठेवा. आकडा ७० च्या वर असेल तेव्हा शीटिंग (पंखावर बाल्साची शीट चिकटवणं), फिल्म आणि डोप (लॅकरसारखा लेप) यांना हात लावू नका. रिब कापा, फ्यूजलाजचे फॉर्मर (धडाचे आडवे छेद) जोडा, सोल्डरिंग करा. शीटिंग करायचंच असेल तर बेडरूममध्ये एसी ड्राय मोडवर दोन-तीन तास चालवा, लाकूड आणि पंख दोन्ही त्याच खोलीत ठेवा, आणि वरची-खालची शीट एकाच बैठकीत लावा. डोप किंवा एनसी लॅकर दमट दिवशी पांढरट पडतो. त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, हे त्याचं कारण. वरून आणखी एक हात दिल्याने ते जात नाही.

उजवा भाग फेकू नका. पुढच्या कडेची शीटिंग अजून केली नसेल तर काम सोपं आहे. नव्या फळीवर तो टाचण्यांनी सपाट बसवा, टोकाशी जी कड पिळून खाली गेली आहे तिच्याखाली दोन मिलिमीटरची पट्टी घाला, रिब आणि स्पारच्या सांध्यांत पातळ सायनोॲक्रिलेटचा (फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचा) एकेक थेंब सोडा आणि तसाच ठेवून शीटिंग करा. शीटिंग झालेली असेल तर पुढची कड, दोन शीट आणि स्पार मिळून बंद नळी तयार झालेली असते, आणि बंद नळी पीळ सोडत नाही. खालच्या शीटचा स्पारवरचा सांधा धारदार ब्लेडने पूर्ण लांबीभर उघडा. नळी उघडली की पंख हाताला एकदम लवचीक लागेल. मग तो फळीवर सरळ बसवून सांधा पुन्हा चिकटवा. फिल्म लावून झाल्यावर उरलेला बारीक पीळ काढायचा असेल तर पंख उलट दिशेला हवा त्याहून थोडा जास्त पिळून धरा, दोन्ही बाजूंच्या फिल्मवर इस्त्री फिरवा आणि फिल्म गार होईपर्यंत सोडू नका. हे दोघांचं काम आहे, एकाने धरायचं आणि एकाने इस्त्री फिरवायची.

लाकूड आलं की पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ३ मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब शीट ३० ग्रॅम भरली तर ती मऊ आणि हलकी, ४५ ग्रॅमची मध्यम, ६० ग्रॅमची कडक. पेन्सिलीने शीटवरच वजन लिहा. कडक लाकूड स्पारला आणि मध्यम रिबना वापरा. हलकं लाकूड शेपटीकडे जाऊ द्या, कारण मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी तोल राखायला पुढे दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. डाव्या आणि उजव्या पंखाला सारख्याच वजनाच्या जोड्या लावा. ज्या शीटवर आडवे, चकाकणारे ठिपके दिसतात ती आडवी वाकत नाही, तीच रिबना घ्या. पुढच्या कडेवर वळवायची शीट मात्र सहज वाकणारी, लांब सरळ रेषांची हवी. बाल्सा उभा टेकवून ठेवू नका. प्लायच्या दोन पट्ट्यांमध्ये आडवा दाबून, मोठ्या झिप पिशवीत नारिंगी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घालून ठेवा. जेल हिरवं झालं की मंद ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं.

बाल्कनीत दोन कामं ठेवा, पॉलिशपेपर आणि बॅटरी. धुळीसाठी एक उथळ खोकं करून घ्या: दीड फूट बाय एक फूट, तीन इंच खोल, वर भोकांचा हार्डबोर्ड, बाजूला घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीएवढं भोक. त्यावर घासलं की धूळ खाली ओढली जाते आणि हॉलमध्ये येत नाही. बाल्साची धूळ फार बारीक असते, ती छातीत जाते. खोकं असलं तरी एन-९५ मास्क लावाच. व्हॅक्यूम क्लीनर १६०० वॅटचा असेल तर तो ६ अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, सात अँपिअर घेतो. घासायला त्याच ॲल्युमिनियमच्या पाइपाचा एक फूट तुकडा कापून घ्या आणि त्यावर दुहेरी टेपने १२० आणि २२० नंबरचा पेपर वेगवेगळ्या बाजूंना लावा. हातात नुसता पेपर धरून घासलं की रिबच्या मधे खड्डे पडतात. ते वरच्या उजेडात दिसत नाहीत. टॉर्च पंखाच्या टोकाशी, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा, प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. दहावीचं वर्ष आहे, तेव्हा व्हॅक्यूमचा आवाज मुलगी क्लासला गेली असताना उरकून घ्या.

वासाची तक्रार रास्त आहे. सायनोॲक्रिलेटची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, वयस्कर माणसांना जास्तच. उपाय असा की बहुतेक सांधे साध्या पांढऱ्या फेविकॉल एसएचनेच करा. रात्री जोडायचं, फळी उचलून ठेवायची, दुसऱ्या रात्री पुढे जायचं. ही पद्धत तुमच्या वेळेत अगदी बसते. सायनोॲक्रिलेट फक्त टाका मारण्यापुरतं, तेही खिडकीशी, पंखा पाठीमागून लावून, म्हणजे वारा तुमच्याकडून खिडकीकडे जाईल. पातळ सायनोॲक्रिलेट सुती कापडावर सांडलं तर ते धूर येईपर्यंत तापतं आणि त्वचा भाजते, म्हणून बनियनवर बसून हे काम करू नका आणि सांडलेलं सुती फडक्याने पुसू नका. उघडलेली बाटली झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसोबत ठेवा. नाहीतर पावसाळ्यात ती महिनाभरात दाट होते. मोटर ज्या प्लायवर बसते तो सांधा मात्र रेझिन आणि हार्डनरच्या अराल्डाइटनेच करा, बाकी गोंदांचा तिथे भरवसा धरू नका. थर्माकोलला साधं सायनोॲक्रिलेट आणि एसआर दोन्ही विरघळवतात, हे फोमचं काम पुन्हा कराल तेव्हा लक्षात असू द्या.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल तडजोड करू नका. मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटला बाहेर पडायचा दरवाजा एकच असतो, आणि चार्जिंगची जागा नेमकी चपलांच्या कपाटावर, त्या दरवाज्याशेजारी असते. आग लागली तर घरच्यांची वाटच बंद होते. चार्जिंग बाल्कनीतच करा, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात, दोन विटांवर ठेवलेल्या कडप्प्याच्या तुकड्यावर. बॅटरी मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूवर ठेवा आणि जवळ आणखी एक बादली कोरडी वाळू असू द्या. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा धोक्याचा आहे: आत वायू साठला तर तो फुटतो. ट्रेनरला साधारण ३ सेल, २२०० एमएएचची बॅटरी लागते. ती २.२ अँपिअरने चार्ज करा, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो. उडवायला जाणार नसाल तर बॅटरी भरलेली ठेवू नका, चार्जरच्या स्टोरेज मोडने प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. आठवडेच्या आठवडे पूर्ण भरलेली राहिली की ती फुगते. उन्हाच्या बाजूच्या बाल्कनीत ती साठवूही नका, ठेवायची जागा घरातली गार. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. बारा व्होल्टचा गाडीचा बल्ब बाहेर, मोकळ्या जागी लावून ती पूर्ण उतरवा आणि ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नाही. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जायचं नाही, झोपायचंही नाही.

घरात मोटर, ईएससी (मोटरचा वेगनियंत्रक) किंवा रेडिओची कुठलीही जुळवाजुळव करताना प्रोपेलर काढून बाजूला ठेवा. ट्रान्समीटरवर एखादं बटण चुकीचं सेट झालं की मोटर पूर्ण वेगाने सुटते, आणि तेवढ्याशा खोलीत मागे सरकायला जागा नसते. बॅटरीच्या एक्सटी-६० कनेक्टरसाठी ६० वॅटचं, चपट्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न घ्या. २५ वॅटच्या आयर्नने जाड वायर तापतच नाही, जोड वरवर चिकटतो आणि उडताना सुटतो.

पुढचं विमान निवडताना आधी दार, लिफ्ट आणि माळा मोजा. एकसंध १.५ मीटरचा पंख लोकलमध्ये नेता येत नाही आणि लिफ्टमध्ये तिरका करताना टोक आपटतं. पंख दोन तुकड्यांत, मधे कार्बन किंवा ॲल्युमिनियमची जोडनळी असलेलाच घ्या. तयार विमान भिंतीवर टांगायला पाऊण इंची पीव्हीसी पाइपाचे आडवे हात लावा आणि त्यावर एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम चढवा. पंख मागच्या कडेवर कधीच उभा करू नका, ती सगळ्यात पातळ असते.

खरेदीसाठी: हत्यारांना नागदेवी स्ट्रीट, वायर, कनेक्टर आणि सोल्डरिंगच्या सामानाला लॅमिंग्टन रोड, सॉकेट आणि एमसीबीला लोहार चाळ. फ्लश डोअर आणि कडप्पा मुलुंडातच मिळेल. आणि एक अगत्याची गोष्ट: ड्रोन नियम २०२१ रेडिओ कंट्रोल विमानांनाही लागू आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर त्या जागेचा झोन आणि मुंबई पोलिसांचा चालू मनाई आदेश, दोन्ही पाहा. घराजवळचं मैदान मोकळं आहे एवढ्यावर तिथे विमान उडवता येत नाही.

या महिन्यात फक्त फळी, आर्द्रतामापक आणि कडप्पा आणा. उजवा भाग फळीवर टाचून ठेवा आणि फिल्मचा रोल ऑक्टोबरपर्यंत उघडू नका.